गाडीचा गिअर खाली पडतो पण वर उचलतच नाही, आणि गाडी एकदम ओके आहे

दुसरा_गिअर | २ जानेवारी, रात्री ९.४०

आधीच सांगतो, धागा वाहन विभागात नाही, आरोग्यातच टाकलाय, चुकून नाही.

तर झालं असं की नाताळच्या सुट्टीत गावी गेलो होतो, सिन्नरच्या बाजूला. उन्हाळ कांद्याची लागण चालू होती, मजूर मिळेनात, म्हणून मी म्हटलं मीपण बसतो वाफ्यात. दीड वर्षात १४ किलो वजन उतरवलंय तेव्हा अंगात जरा मस्ती होती. दोन दिवस सकाळी आठपासून उन्हं उतरेपर्यंत उकिडवा बसून रोप खोचत होतो, मध्ये जेवणापुरता उठायचो तेवढंच. पायाला मुंग्या येत होत्या पण त्या येतातच की, झटकलं, परत बसलो.

तिसऱ्या दिवशी पहाटे पुण्याला निघालो. किक मारली, पहिला टाकला, निघालो, दुसरा टाकायला गेलो तर पडेना. परत पहिला, परत प्रयत्न, नाही. वाटलं गिअर लिव्हर सैल झाला असेल. पहिल्याच गिअरवर कण्हत कण्हत फाट्यावरच्या गॅरेजपर्यंत गेलो. त्या पोराने गाडी घेतली आणि पाचही गिअर टाकून चक्कर मारून आला. म्हणाला, "गाडीला काय नाही झालं भाऊ, बूट काढा बरं." बूट काढला आणि म्हटलं पाऊल वर उचल, तर पाऊल तसंच. डावं पाऊल खाली दाबता येतंय जोरात, पण वर येतच नाही. म्हणजे गिअर खाली टाकता येतो, लिव्हरखाली चवडा घालून वर उचलता येत नाही.

आता घरात चालतो तर फटॅक फटॅक आवाज येतो, स्लीपर दर चार पावलांनी निसटते, उंबऱ्याला दोनदा ठेचकाळलो. दुखत अजिबात नाही, हीच गंमत आहे. आई म्हणते लकवा, शेजारचे काका म्हणतात शीर आखडली, तेलाने रगड. इथल्या एका दवाखान्यात गेलो तर पाय नीट बघितलाच नाही, डायरेक्ट कंबरेचा एमआरआय लिहून दिला. कंबर तर कधीच दुखली नाही माझी.

कुणाला असा अनुभव आहे का? आणि दुसरा प्रश्न म्हणजे स्नायू तर तोच आहे, परवापर्यंत चालत होता, मग नक्की बिघडलं काय?

---

चहाबाज | २ जानेवारी, रात्री ९.५८

डाएट करणाऱ्यांनी शेतात जाऊ नये हे सिद्ध झालं. 😄 बाकी गॅरेजवाल्याला एमबीबीएस द्या, पहिलं निदान त्यानेच केलं.

---

रानवारा | २ जानेवारी, रात्री १०.१५

हसण्यावारी नेऊ नका. माझ्या मामांना सकाळी उठल्यावर पाय उचलेना, दुपारपर्यंत वाट बघितली, तोवर हातपण गेला. तुमचं तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं, हातात जोर कमी असं काही आहे का? असेल तर इथे टाईप करत बसू नका.

---

दुसरा_गिअर | २ जानेवारी, रात्री १०.२१

नाही हो, बाकी सगळं ठणठणीत. फक्त डावं पाऊल. आणि पावलाच्या वरच्या बाजूला जरा बधिर वाटतंय, मोजा घातल्यासारखं.

---

पायपीट | २ जानेवारी, रात्री ११.०५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बारा वर्षं हेच बघतेय, त्यामुळे वाचताना उकिडवा शब्द आला तिथेच थांबले. इथून निदान करता येत नाही आणि करूही नये, पण या काही गोष्टी घरी करून बघ आणि उत्तर लिही.

भिंतीला धरून चवड्यावर उभा रहा, डाव्या एकट्या पायावर. जमतं का? मग फक्त टाचांवर चालून बघ. मग खुर्चीत बसून डावा तळवा आतल्या बाजूला वळव, म्हणजे अंगठ्याकडची कड वर येईल असा, आणि बायकोला उलट जोर लावायला सांग. मग तसाच बाहेरच्या बाजूला, करंगळीकडची कड वर. आणि अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात बोट फिरव, दोन्ही पायांना सारखं लागतं का?

आणि हो, तेलाने रगडणं आजपासून बंद. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला तर हातच लावू देऊ नकोस कुणाला.

---

दुसरा_गिअर | २ जानेवारी, रात्री ११.३२

ताई, हा घ्या रिपोर्ट. चवड्यावर उभा राहिलो आरामात. टाचेवर चालणं शून्य, डावं पाऊल लगेच पडतं. आत वळवायला जोर पूर्ण आहे, बायको हरली. बाहेर वळवताना ती एका बोटाने जिंकली. बेचक्यात निम्मं लागतं.

---

पायपीट | २ जानेवारी, रात्री ११.५०

छान केलंस. आता सगळ्यांसाठी सांगते की हे का विचारलं. पाऊल वर उचलणारा आणि बाहेर वळवणारा असे दोन्ही गट एकाच नसेवर चालतात. ती नस गुडघ्याच्या मागून येऊन बाहेरच्या अंगाला वळसा घालते. तिथे गुडघ्याच्या जरा खाली एक हाडाचं बोंड हाताला लागतं बघा, त्याच्या मानेला चिकटून ती जाते, वर फक्त कातडी आणि थोडी चरबी. कोपराला टेबल लागलं की करंगळीपर्यंत सणक जाते ना, तशीच ही जागा, फक्त पायातली. पाऊल खाली दाबणाऱ्या पोटरीची नस वेगळी, ती गुडघ्याच्या मागे मध्यभागी खोल, मांसात गादीवर झोपलेली असते, म्हणून वाचते.

आत वळवायचा प्रश्न मुद्दाम विचारला. कंबरेत नसेची जी मुळी दबल्यावर पाऊल पडतं तीच मुळी आत वळवणाऱ्या स्नायूलाही जाते, पण गुडघ्याच्या दुसऱ्या रस्त्याने. कंबरेत घोळ असता तर बहुतेक वेळा तेही लुळं पडलं असतं. तुझं शाबूत आहे, म्हणजे लोचा गुडघ्यापाशी असायची शक्यता जास्त. तरी न्यूरॉलॉजिस्टला प्रत्यक्ष दाखव, हे नक्की.

आणि १४ किलोतली थोडी चरबी त्या बोंडाजवळची पण गेली असणार. वजन भराभर उतरवलेल्या लोकांत हे दिसतं आम्हाला, मांडीवर मांडी टाकून बसायची सवय असेल तर अजूनच.

---

काळी_माती | ३ जानेवारी, सकाळी ६.५०

माझी आई चाळीस वर्षं खुरपणी करते, दिवसदिवस उकिडवी. तिला नाही झालं कधी. शहरी पाय दुसरं काय.

---

पायपीट | ३ जानेवारी, सकाळी ८.१०

बघा नीट, तुमची आई एका जागी बसत नाही, ती सरकत असते. दोन पावलं पुढे, वजन या पायावरून त्या पायावर. आमचे हे साहेब एका वाफ्यात रोप संपेपर्यंत खिळा ठोकल्यासारखे बसले असणार. आणि शेतातल्या बायकांनाही होतं, त्या दवाखान्यात येत नाहीत एवढंच, पाय जड झालाय म्हणतात आणि महिन्याभराने आपोआप सुटला की विसरतात.

---

जुना_स्टेथो | ३ जानेवारी, सकाळी ११.२०

ताईंनी बरोबर दिशा दाखवली आहे. मी निवृत्त फिजिशियन, आता वेळच वेळ आहे म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो, की स्नायू तोच आहे तर बिघडलं काय.

गिअर वर टाकायचा हा हुकूम निघतो मेंदूच्या उजव्या अर्ध्यातून, कारण पाय डावा. तो तार खाली येताना मेंदूच्या देठापाशी बाजू बदलतो आणि पाठीच्या कण्यातून उतरतो. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, मज्जारज्जू कंबरेच्या पार तळापर्यंत जातच नाही, तो पहिल्या दुसऱ्या कंबरमणक्याशी संपतो. त्याच्या शेवटच्या वीतभर भागात पायांच्या चेतापेशी बसलेल्या असतात. तिथे पहिली पेशी दुसरीला निरोप देते आणि ही दुसरी पेशी आपलं शेपूट कंबरेतून, ढुंगणातून, मांडीच्या मागून, गुडघ्याला वळसा घालून थेट पावलापर्यंत नेते. मध्ये जोड नाही. पेशीचा गोळा स्वतः मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान आणि तिची शेपटी जवळजवळ मीटरभर! विद्यार्थ्यांना हे सांगताना मला दरवर्षी नव्याने आश्चर्य वाटायचं.

म्हणजे तुमचा हुकूम सुटतोय, मीटरभराच्या रस्त्यातला निम्म्याहून जास्त टप्पा पारही करतोय आणि गुडघ्याच्या बोंडापाशी येऊन अडतोय. खाली स्नायू निरोपाची वाट बघत बसलाय, त्याला काही झालेलं नाही.

लकव्याबद्दल रानवारा यांनी लिहिलं ते मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. अचानक एका बाजूचा हातपाय, चेहरा किंवा वाचा गेली तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे धागा काढू नका.

---

वायरमन | ३ जानेवारी, दुपारी १.०५

म्हणजे शेवटी वायरिंगच आहे तर. पण डॉक्टर काका एक शंका, वायर चेपली म्हणून करंट बंद होत नाही आमच्याकडे. तांबं तुटलं तरच बंद. मग नुसत्या दाबाने कसं बंद पडलं? आणि करंट असेल तर लाईटच्या स्पीडने जायला पाहिजे ना.

---

खडूफळा | ३ जानेवारी, दुपारी ४.३०

हा प्रश्न मला दरवर्षी अकरावीच्या वर्गात येतो, त्यामुळे डॉक्टरांच्या आधी मी घुसतो.

नसेतून तारेसारखा करंट वाहत नाही. वायरमन, तुम्ही माणसांची रांग डोळ्यासमोर आणा, प्रत्येकजण पुढच्याच्या पाठीवर थाप मारतोय. थाप पुढे जाते, माणूस जागेवरच. चेतातंतूच्या आत बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्ट ऋण भार असतो. निरोप आला की तेवढ्या जागी दारं उघडतात, बाहेरचं सोडियम आत घुसतं, भार उलटतो, त्यामुळे शेजारची दारं उघडतात, तोवर मागची बंद होऊन पोटॅशियम बाहेर जातं. एका जागचा हा खेळ मिलिसेकंदभराचा. म्हणून स्पीड लाईटचा नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली बेडकाच्या पायावर मोजला तेव्हा सेकंदाला तीस मीटरच्याही खाली भरला होता, आणि त्याच्या स्वतःच्या गुरूंचं मत होतं की हा वेग मोजताच येणार नाही. माणसाच्या हातापायाच्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसेत पन्नासच्या आसपास. म्हणजे कण्यापासून पावलापर्यंत निरोप यायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. एसटीपेक्षा जोरात, विमानापेक्षा हळू.

एवढा वेग पण येतो तो वरच्या वेष्टनामुळे. चेतातंतूवर चरबीचं वेष्टन असतं, सलग नाही, मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर फट सोडून. निरोप फटीवरून फटीवर उड्या मारतो. वेष्टन नसलेले तंतूही शरीरात आहेत, त्यांचा वेग सेकंदाला मीटरभर. ठेच लागल्यावर आधी धक्का कळतो आणि मग सावकाश ठणका येतो ना, तो ठणका त्या बैलगाडीने येतो.

आता दाब. दोन दिवस दाबल्यावर गुडघ्यापाशी हे वेष्टन चेमटलं, सरकलं. उडी मारायला पुढची फटच जुळेना, निरोप तिथेच विरला. तुमच्या भाषेत तांबं शाबूत आहे पण इन्शुलेशन गेलंय, फक्त इथे इन्शुलेशन गेल्यावर शॉक बसत नाही, सप्लाय बंद पडतो.

पुढचा भाग मला जास्त आवडतो. नस स्नायूला चिकटलेली नसते! दोघांत फट असते, मिलिमीटरचा वीस हजारावा भाग. वीज ती फट ओलांडत नाही. नसेच्या टोकाला पुड्या भरून ठेवलेल्या असतात, ॲसिटिलकोलीनच्या, त्या फुटतात, रसायन पलीकडच्या कुलपात बसतं आणि स्नायूत नवीन लाट उठते. मग स्नायूच्या आत साठवलेलं कॅल्शियम सुटतं, ते बारीक धाग्यावरचं झाकण बाजूला करतं आणि जाड धाग्याचे आकडे बारीक धाग्याला पकडून ओढतात, सोडतात, परत ओढतात. रस्सीखेचीत आपण हात बदलत बदलत दोर ओढतो, तसंच. धागे आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात. हे १९५४ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांनी मांडलं आणि दोन्हीकडे एकेक हक्सली, आपसात नात्याचे नसलेले. परीक्षेला येत नाही पण मी सांगतोच.

आणखी एक, आकडा ओढायला नाही तर सोडायला नवा एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतो. मेल्यावर एटीपी संपतो, आकडे अडकून राहतात, म्हणून मढं ताठ होतं.

---

चहाबाज | ३ जानेवारी, दुपारी ४.५२

सर, गिअरपासून मढ्यापर्यंत एका प्रतिसादात. _/\_

---

वायरमन | ३ जानेवारी, संध्याकाळी ७.१५

मस्त सर. आता कळलं. मग मला अजून एक सांगा, रिकामा गॅस सिलेंडर भरलेला समजून उचलला की भस्सकन वर येतो आणि आपणच मागे जातो, ते काय?

---

खडूफळा | ३ जानेवारी, रात्री ८.००

वा! एक चेतापेशी एकाच स्नायूपेशीला हुकूम देत नाही, तिचा एक कळप असतो. डोळा फिरवणाऱ्या स्नायूत कळप दहाएक स्नायूपेशींचा, पोटरीत हजाराच्या वर. बारीक काम तिथे छोटे कळप. कप उचलायला मेंदू छोट्या कळपांपासून सुरुवात करतो, जोर वाढवायचा असेल तसे मोठे कळप जोडत जातो. सिलेंडर बघितल्यावर मेंदूने हात लावायच्या आधीच हिशोब केलेला असतो, १४.२ किलो गॅस अधिक लोखंडी टाकी, तेवढे कळप तयार. टाकी रिकामी निघाली तर उलटा निरोप वर जाऊन हुकूम बदलेपर्यंत सिलेंडर छातीशी आलेला असतो.

---

जुना_स्टेथो | ३ जानेवारी, रात्री ९.१०

सरांच्या लिखाणाला एकच पुरवणी जोडतो. स्नायू फक्त ओढतो, ढकलणं त्याला येत नाही. म्हणून प्रत्येक सांध्यावर जोड्या. नडगीवरचा पुढचा स्नायू पाऊल वर ओढतो, पोटरी खाली. पुढच्याला 'ओढ' हा हुकूम जातो त्याच वेळी मज्जारज्जूतच पोटरीला 'सोड' सांगितलं जातं, मेंदूला विचारायची गरज नाही. शेरिंग्टनने हे उलगडलं, १९३२ च्या नोबेलचा तो एक मानकरी. गाडी चालवताना तुम्ही खाली न बघता लिव्हर शोधता तेही असंच, स्नायूंत ताण मोजणारे बारीक तंतू असतात, पाऊल कुठे आहे हे ते सतत वर कळवत असतात. हुकमाच्या तारा जेवढ्या महत्त्वाच्या तेवढ्याच या बातमीच्या.

---

मोगरा | ४ जानेवारी, सकाळी १०.४५

धागा वाचून विचारावंसं वाटलं. माझ्या बाबांना दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. सुरुवातीला पाय लुळा होता पण आता उलट ताठ असतो, गुडघा वाकवायला गेलं की अडतो, आणि कधीकधी पावलाला धक्का लागला की थडथड उडत राहतो. मला वाटायचं ताठ होतोय म्हणजे जोर येतोय. तसं नाहीये का?

---

जुना_स्टेथो | ४ जानेवारी, दुपारी १२.२०

मोगरा, प्रश्न अगदी नेमका आहे, फक्त उत्तर थोडं कडू आहे. ताठपणा म्हणजे जोर नव्हे. बाबांची खालची तार, कण्यापासून स्नायूपर्यंतची, शाबूत आहे. तुटलंय ते वरचं ऑफिस. खालच्या मज्जारज्जूला स्वतःच्या काही सवयी असतात, स्नायू ताणला की उलट आवळायचा ही त्यातली एक, गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो तो त्यामुळेच. एरवी मेंदू ती सवय दाबात ठेवतो. वरचा साहेब गेला की खालचे कारकून आपल्या मर्जीने शिक्के मारत सुटतात, तशी ती थडथड. म्हणून बाबांचा पाय ताठ, आणि धागाकर्त्याचं पाऊल लोंबतं, कारण त्याच्याकडे खालची तार अडली आहे. दोघांनाही पाय उचलत नाही, पण दुखणी वेगळी.

ताण कमी करायला गोळ्या आहेत, नेमक्या स्नायूत द्यायची इंजेक्शनं आहेत, आणि रोजचं हळूहळू ताणणं आहे. झटका देऊन वाकवू नका, सावकाश वाकवलं तर पाय कमी विरोध करतो, करून बघा.

---

मोगरा | ४ जानेवारी, दुपारी १२.४०

खूप आभार काका. इतके दिवस आम्ही घाईघाईत वाकवत होतो.

---

काळी_माती | ४ जानेवारी, रात्री ९.०५

सरांनी ती फट सांगितली त्यावरून, आमच्याकडे मागे एकजण रात्री खाली झोपलेला, मण्यार चावली, सूज नाही दुखणं नाही, पहाटे पापण्या उघडेनात आणि मग श्वासच अडला. तो त्याच फटीतला घोळ का?

---

जुना_स्टेथो | ४ जानेवारी, रात्री ९.४०

त्याच फटीतला. मण्यारीचं विष नसेच्या टोकावर जाऊन त्या पुड्यांचं कोठारच उद्ध्वस्त करतं. नस ठीक, स्नायू ठीक, मधला निरोप्या गेला. आधी पापण्या, मग गिळणं, मग छाती. एकदा टोकं खराब झाली की प्रतिविषानेही लगेच परत येत नाहीत, नवी टोकं फुटेपर्यंत व्हेंटिलेटरवर दिवस काढावे लागतात, पण काढले तर माणूस चालत घरी जातो. नागाचं विष मुख्यतः पलीकडच्या कुलपात अडकतं, तिथे प्रतिविषासोबत निओस्टिग्मीनचा उपयोग होतो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा.

शेतकरी आहात म्हणून हेही सांगतो. फवारणीच्या काही औषधांत, ऑर्गॅनोफॉस्फेट गटात, याच्या उलट होतं. वापरून झालेलं ॲसिटिलकोलीन साफ करणारं विकर बंद पडतं. रसायन साचत जातं, स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. २०१७ मध्ये यवतमाळात कापसाच्या फवारणीतून विषबाधेने शेतकरी, मजूर गेले, तिथे बरीच औषधं एकत्र मिसळलेली होती, त्यात हा गटही होता. वाऱ्याच्या दिशेने फवारा आणि भिजलेला शर्ट अंगावर वाळू देऊ नका.

---

शब्दखोर | ५ जानेवारी, सकाळी ९.३०

अवांतर. सगळेजण नस म्हणताय, कुणी शीर म्हणतंय, सर चेता म्हणताय. शीर म्हणजे रक्ताची. नस आपण दोन्हीला वापरतो, सलाईन लावायला नस सापडत नाही आणि कंबरेत नस दबली, दोन्हीकडे नसच. आमच्या वेळच्या पुस्तकात मज्जातंतू होतं. या गोंधळामुळेच लोक दबलेल्या नसेला रक्त सुरू करायला म्हणून तेलाने रगडत असतील का?

---

पायपीट | ५ जानेवारी, सकाळी १०.००

शंभर टक्के. रोज ऐकते, "ताई, रक्त मोकळं करून द्या." परवा एका आजींना नडगीवर एवढं रगडलं होतं की वेष्टनाची उरलीसुरली आशा पण गेली असती.

---

दुसरा_गिअर | २३ जानेवारी, रात्री १०.१०

अपडेट. न्यूरॉलॉजिस्टने तपासून एमआरआयची गरज नाही म्हटलं आणि एनसीव्ही, म्हणजे नसेतून निरोप नीट जातो का ते मोजायची टेस्ट, सांगितली, पण म्हणाले तीन आठवडे थांबून कर. मी म्हटलं आजच करा ना, तर म्हणाले आज केली तर नस मेलीय का नुसती अडलीय ते नीट कळणार नाही, तुटलेला तंतू पण सुरुवातीचे काही दिवस खालून जिवंतासारखा उत्तर देतो.

तर आज केली. पावलावर बाहेरच्या बाजूला चकत्या चिकटवल्या, स्क्रीनवर एक सरळ रेघ. टेक्निशियनने घोट्याच्या पुढे चिमट्यासारखं यंत्र टेकवून टिचकी दिली, बोटं उडाली, रेघेवर छान डोंगर. मग यंत्र बोंडाच्या खाली ठेवलं, टिचकी, आणि मंडळी, माझं पाऊल टणकन वर आलं!! तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी बघतच राहिलो. मी रोज सकाळी अंथरुणात पडून त्याला उठ उठ म्हणत होतो, ढिम्म हललं नाही आणि त्या पोराच्या एका टिचकीला उठून उभं. माझा पाय माझं ऐकत नव्हता, त्याचं ऐकत होता.

मग यंत्र चार बोटं वर, बोंडाच्या वर गुडघ्यामागे. तेवढीच टिचकी. पाऊल जेमतेम हललं आणि डोंगराची टेकडी झाली. टेक्निशियनने पेनने कातडीवर दोन खुणा केल्या, म्हणाला या दोन टिंबांच्या मध्ये आहे तुमचा कांदा.

डॉक्टर म्हणाले खालचे तंतू बहुतेक जिवंत आहेत, वेष्टन परत चढेल, साधारण दोनतीन महिने धरा.

---

पायपीट | २३ जानेवारी, रात्री १०.४५

ही खूप चांगली बातमी आहे. तंतू तुटले असते तर ते बोंडापासून दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढत स्नायूपर्यंत जायचे, त्याला किती महिने ते तूच मोज.

तोवर एएफओ घाल, घोट्याला काटकोनात धरून ठेवणारा तो प्लास्टिकचा आधार, बुटात बसतो. घाल म्हणजे घाल, लाजू नकोस. पाऊल लोंबतं राहिलं की पोटरी आखडते, आणि मग नस जागी होईपर्यंत पाऊलच वर यायला तयार नसतं, असे पेशंट मी बघितलेत. रोज टॉवेलने चवडा आपल्याकडे ओढून पोटरी ताण, हळू. मांडीवर मांडी बंद. आणि रोज पाऊल उचलायचा प्रयत्न कर, हललं नाही तरी, मेंदूची सवय सुटायला नको.

---

चहाबाज | २३ जानेवारी, रात्री ११.००

"तुमचा कांदा" 😂😂 टेक्निशियनला पण एमबीबीएस.

---

दुसरा_गिअर | १९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

आज अंगठा हलला. अर्धा सेंटीमीटर. बायकोला झोपेतून उठवून दाखवला, ती म्हणाली काहीच हलत नाहीये, पण हलला.

---

पायपीट | १९ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

हलला म्हणजे हलला. 🙂

---

दुसरा_गिअर | १५ मार्च, रात्री ९.२०

आज संध्याकाळी पार्किंगमध्ये एएफओ काढून गाडीवर बसलो, स्टँडवरच. पहिला टाकला. चवडा लिव्हरखाली घातला, उचलला, सरकला पण अडकला. परत. तिसऱ्यांदा टक् आवाज आला. वॉचमन काका बघत होते, त्यांना काय सांगणार, दुसरा पडला म्हणून नाचतोय एक माणूस.

जोर अजून निम्माच आहे, पाचसहा वेळा उचललं की पाऊल थकून खाली येतं. रस्त्यावर गाडी काढलेली नाही, ताई ओरडू नका. पावलावरचा बधिरपणा पण कमी झालाय, आता तिथे मुंग्या येतात.

---

जुना_स्टेथो | १५ मार्च, रात्री १०.००

अभिनंदन. मुंग्या येऊ द्या, बातमीच्या तारा जाग्या होताहेत.

---

काळी_माती | १५ मार्च, रात्री १०.३०

बेस झालं. एप्रिलात कांदा काढणीला येताय ना मग?

---

दुसरा_गिअर | १५ मार्च, रात्री १०.४१

बाबांना आधीच सांगितलंय की मी वाफ्यात बसणार नाही. ते म्हणाले बसू नको, बांधावर उभा राहून गोण्या मोज. आईने त्यावर लाकडी पाट काढून ठेवलाय माझ्यासाठी, म्हणजे मोजायचं नाहीच असं दिसतंय.